चार कोअरची लाज

सगळे त्यांना डॉक्टर म्हणायचे, पण त्यांनी जन्मात कुणाची नाडी पाहिली नव्हती. बाजाराच्या इमारतीत आठ पायऱ्या खाली उतरलं की डाव्या हाताला त्यांचं कॉम्प्युटर जुळवायचं आणि दुरुस्तीचं दुकान होतं. बोळासारखं लांबट, दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं पोट आत घ्यायचं, एवढंच. कुणी बंद पडलेलं मशीन आणलं की डॉक्टर बटण दाबत, डोळे मिटत आणि कॅबिनेटला कान लावत. पंखा कसा घरघरतो, आत काय टकटकतं, यावरून अर्धं निदान तिथल्या तिथं. मग मान वर करून म्हणत, "ठेवून जा. घाबरण्यासारखं काही नाही." हे वाक्य ऐकून पेशंटपेक्षा नातेवाइकालाच बरं वाटायचं. नाव पडलं ते असं.

शिक्षण म्हणाल तर बारावी, तीही धक्का स्टार्ट. पुढं सहा वर्षं रेडिओ-टीव्हीच्या दुकानात तारांना डाग लावण्याचं, म्हणजे सोल्डरिंगचं काम केलं. त्या दुकानात पहिला कॉम्प्युटर दुरुस्तीला आला तेव्हा त्याला हात लावायची मालकाची छाती होईना. यांनी उघडला. त्या दिवसापासून चौपन्नाव्या वर्षापर्यंत डॉक्टर उघडतच आले. पुस्तक वाचून शिकलेले नव्हते, उघडून शिकलेले होते. अशा माणसाला स्वतःच्या हातावर फार भरवसा असतो आणि मनातून एक भीतीही असते, की आपण न उघडलेलं काही कुणी विचारलं तर? म्हणून डॉक्टर कशालाच नाही म्हणत नसत. त्यांची बायको म्हणायची, "यांना कुणी चंद्रावर जायचा रस्ता विचारा. पुढच्या चौकातून डावीकडे, असं सांगतील."

ही चेष्टा सगळ्यांत मोठ्यानं हसून ऐकायची ती बायकोची धाकटी बहीण. लहानपणी अखंड बडबडायची म्हणून आजोबांनी तिला साळुंकी म्हटलं, त्याची पुढं साळू झाली आणि एक्केचाळिसाव्या वर्षीही ती घरात साळूच होती. आवाज मात्र बडबडीचा राहिला नव्हता. बसस्थानकावर काचेच्या खोलीत बसून सोळा वर्षं तिनं गाड्यांच्या घोषणा केल्या. एवढ्या गर्दीगोंगाटात तिचा शब्द शेवटच्या फलाटावरच्या म्हातारीलाही नीट कळायचा. मग एक दिवस साहेबांनी तिला तीन दिवस बसवून सगळ्या गावांची नावं, सगळे आकडे, 'उशिरा' आणि 'रद्द' असं सगळं रेकॉर्ड करून घेतलं आणि चौथ्या दिवशी निरोप दिला. स्थानक अजून तिच्याच आवाजात बोलतं, पण पगार मिळत नाही. साळू तिकडून जायचं टाळते.

घरी बसल्यावर ती फोनवर मोटारींच्या शर्यतीचा गेम खेळायला लागली. सवय जात नाही म्हणतात तशी खेळता खेळता स्वतःशीच वर्णन करायची. ते कुणीतरी ऐकलं, कुणी म्हणालं लोकांना ऐकव, आणि बघता बघता दीडदोनशे माणसं रोज चार वाजता साळूला ऐकायला यायला लागली. याच वाटेनं ती संधी आली. गेमच्या स्पर्धा भरवणाऱ्या एका संस्थेला निवेदक हवा होता, वर्षभराच्या करारावर. निवडीत पाच जण उरले, त्यात साळू. अट अशी होती की एका आठवड्यात सोमवार, बुधवार आणि शुक्रवार रोज एक तास थेट खेळून दाखवायचं आणि बोलायचं, आणि त्याचं रेकॉर्डिंगही संस्थेला पाठवायचं. फोनवर नाही, कॉम्प्युटरवर, वीस गाड्यांची पूर्ण शर्यत. घरात एवढा मोठा डॉक्टर असताना साळू दुसऱ्या कुणाकडे जाणार?

ती दुकानात आली ती हातात वही घेऊन. दोन गिऱ्हाइकं आधीच स्टुलांवर बसली होती.

"भाऊजी, मी जरा वाचून आलेय."

"वाचून? मग माझी फी बुडाली," डॉक्टर म्हणाले. स्टुलांवर हशा झाला.

"तसं नाही हो. मला तीन कामं एकदम करायचीयत. गेम खेळायचा, जे पडद्यावर दिसतं ते त्याच वेळी लोकांना दाखवायचं, आणि तेच माझ्याकडे साठवूनही ठेवायचं. तर तिथं लिहिलं होतं की प्रोसेसर निदान आठ कोअरचा घ्यावा."

"कुठं लिहिलं होतं?"

"नेटवर."

"नेटवर टकलावर केस उगवायचं औषधही असतं." डॉक्टरांनी स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. पुन्हा हशा. आता त्यांना रंग चढला. "मला सांग, तुझ्या गॅसला शेगड्या किती?"

"दोन."

"आणि जेवणारी माणसं?"

"मी एकटी."

"मग आठ शेगड्या घेऊन काय पंगत उठवणार आहेस? कोअर म्हणजे शेगडीच समज. गेमला शेगड्या जास्त लागत नाहीत, आच मोठी लागते. पंधरा वर्षं हेच सांगतोय मी लोकांना आणि एक मशीन परत आलेलं नाही."

ते खरंही होतं. पंधरा वर्षांत त्यांच्याकडे आलेल्यांना नुसतं खेळायचं होतं. खेळता खेळता जगाला दाखवायचंय म्हणून कुणी आलं नव्हतं, आणि ते काम मशीनच्या आत नेमकं होतं कसं, हे डॉक्टरांनी कधी उघडून पाहिलेलं नव्हतं.

साळू वहीतल्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "पण एका वेळी तीन पदार्थ करायचे असतील तर?"

इथं डॉक्टर क्षणभर थांबले. हा तो क्षण होता. 'हे मी केलेलं नाही, दाखव बरं काय वाचलंस,' एवढं म्हटलं असतं तर पुढलं सगळं टळलं असतं. पण स्टुलांवरची दोन तोंडं त्यांच्याकडे बघत होती.

"तीन पदार्थ ना? शेगड्या चार. एक उरतेच की. तिच्यावर चहा कर."

गिऱ्हाइकं खो खो हसली. साळूही हसली, आणि तिनं वही मिटली.

डॉक्टरांनी चार कोअरचा, चढ्या वेगाचा प्रोसेसर घातला. आठ कोअरचा एक त्यांच्या मागच्या कपाटात खोक्यात पडून होता, त्याकडे बघितलंही नाही. मशीन नेहमीच्या निगुतीनं जुळवलं. तारा आतून वेणीसारख्या बांधल्या, प्रोसेसरच्या डोक्यावर पेस्टचा मोहरीएवढाच ठिपका दिला, आणि सलग चार तास शर्यत चालवून पाहिली. वीस गाड्या पाण्यासारख्या वाहत होत्या. कानही लावला. मशीन शांत. घाबरण्यासारखं काही नव्हतं.

सोमवारी चारला त्यांनी दुकानात फोन समोर उभा करून साळूचा तास लावला. पहिलं वाक्य आलं आणि त्यांची मान अभिमानानं ताठ झाली. बाई नुसती बोलत नव्हती, रस्ता डोळ्यांसमोर आणत होती. मग त्यांनी चित्राकडे नीट पाहिलं. साळू म्हणत होती, "निळी गाडी आतल्या बाजूनं घुसली, पुढं गेली," आणि चित्रातली निळी गाडी अजून मागंच, जागच्या जागी गोठलेली. मग एकदम उडी मारून ती तीन गाड्या पुढं. पुन्हा गोठली. फोटोंचा गठ्ठा कुणी एकेक करून टाकावा तशी शर्यत चालली होती. बघणारे खाली लिहीत होते: आवाज मस्त, चित्र अडकतंय. एकानं लिहिलं, ताई, तुम्ही रेडिओवर या.

सहाव्या मिनिटाला डॉक्टरांना कळलं. नेट कमी पडतं तेव्हा चित्र आधी धुरकट होतं आणि आवाजही तुटतो. इथं आवाज अखंड होता, चित्र स्वच्छ होतं, फक्त त्या गठ्ठ्यातली मधली पानंच गळत होती. म्हणजे ती घरातून बाहेर पडायच्या आधीच गळत होती. बाहेर पाठवायचं चित्र आधी दाबून, आवळून लहान करावं लागतं, प्रवासाला निघताना बिछाना गुंडाळावा तसं, आणि सेकंदाला साठ वेळा. वीस गाड्यांच्या शर्यतीनंच चारही शेगड्या अडवल्या होत्या. चौथी काही चहासाठी उरली नव्हती. गुंडाळणाऱ्याला जागाच नव्हती, म्हणून तो जमेल ते गुंडाळत होता आणि बाकीचं सोडून देत होता. साळूला यातलं काही दिसत नव्हतं. तिच्या समोरच्या पडद्यावर गाड्या पाण्यासारख्याच वाहत होत्या.

तास संपल्या संपल्या तिचा फोन आला.

"भाऊजी, पाहिलंत?"

"पाहिलं. आवाज काय लागलाय तुझा, वा."

"ते जाऊ द्या. चित्र अडकतंय म्हणे. मला तर इथं नीट दिसत होतं. काय असेल हो?"

डॉक्टरांच्या जिभेवर खरं आलं होतं. पण जीभ आपल्या सवयीच्या वाटेनं गेली.

"नेट असेल."

झालं. दोनच शब्द. मंगळवारी साळूनं नेटच्या लाइनवाल्याला बोलावलं आणि त्याला असं फैलावर घेतलं की जिन्यात शेजारी गोळा झाले. तो बिचारा दोनदा खांबावर चढला, तार बदलली, राउटरची डबीही बदलली. बुधवारी दुपारी तोच डॉक्टरांच्या दुकानात आला, कारण रोज चहाच्या वेळेला तो इथंच असायचा.

"डॉक्टर, तुमच्या मेहुणीबाईंनी माझी बिनपाण्यानं केली. लाइन एकदम स्वच्छ आहे, आईची शपथ. म्हटलं, एकदा मशीन तपासून घ्या. कुणाचं आहे? तर म्हणाल्या, भाऊजींनी जुळवलंय." त्यानं हात जोडल्यासारखे केले. "मग मी गप्प बसलो. म्हटलं, मशीन नसणारच. माझंच काहीतरी चुकत असेल."

डॉक्टरांनी त्याला चहा दिला. स्वतःचा कप ओठाला लावला आणि तसाच खाली ठेवला. एखाद्यानं चारचौघांत थोबाडीत मारावी तर ती परवडते, पण असा विश्वास परवडत नाही.

बुधवारचा तास सोमवारपेक्षा वाईट गेला. साळूनं चित्राचा आकार लहान केला होता, खोलीतली बाकीची सगळी उपकरणं बंद केली होती, बिचारीनं फ्रिजसुद्धा. आवाजात पहिल्या दिवसाची मोकळीक नव्हती. "दिसतंय ना तुम्हाला?" असं ती मध्ये मध्ये विचारायला लागली होती, आणि निवेदकानं हे विचारलं की संपलंच. डॉक्टरांनी अर्ध्यावर फोन पालथा घातला.

गुरुवारी दुपारी ते घरी जेवायला गेले. बायको वाढत होती. ती कॉम्प्युटरला हात लावायची ती फक्त धूळ पुसायला.

"साळूचा फोन होता," ती म्हणाली. "रडत होती. म्हणते, बहुतेक मलाच जमत नाही. मी एवढी वर्षं बसस्टँडवर होते तेच बरं."

डॉक्टरांनी भाकरी मोडली.

"अहो, एक विचारू? वेड्यासारखं असेल."

"विचार."

"ती म्हणाली, रेकॉर्डिंगसुद्धा तसंच अडखळतंय. आता लोकांकडे जाताना नेटनं अडखळलं, समजलं. पण जे घरच्या घरी, तिच्याच मशीनमध्ये साठवलं, ते नेटनं कसं अडखळेल? ते तर उंबऱ्याबाहेर गेलंच नाही."

डॉक्टरांनी उचललेला घास परत ताटात ठेवला. बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि तेवीस वर्षांच्या संसारात जे कळायचं ते तिला कळलं. पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला आणि आत गेली. बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

त्या दुपारी दुकानात बसून डॉक्टरांनी शिकवणी लावली. फोनवरच्या व्हिडिओत एक बाई समजावून सांगत होती की खेळता खेळता दाखवायचं असेल तर प्रोसेसर कसा निवडावा. ते आवाज बंद करून, नुसती खालची अक्षरं वाचत बघत होते, गिऱ्हाइकाला ऐकू जायला नको म्हणून. कुणी पायऱ्या उतरायला लागलं की पडदा विझवायचे. साळूच्या वहीत जे लिहिलं होतं तेच ती बाई सांगत होती, जवळजवळ त्याच शब्दांत. वर हेही कळलं की काही ग्राफिक्स कार्डांमध्ये व्हिडिओ आवळायची वेगळी सोय असते, मग प्रोसेसरवर एवढा भार येतच नाही. त्यांनी साळूला दिलेल्या कार्डात ती नव्हती. आपण दोन्ही बूट चुकीच्या मापाचे दिलेत, हे त्यांच्या ध्यानात आलं.

शुक्रवारी सकाळी दहाला ते दुकान बंद ठेवून साळूच्या तिसऱ्या मजल्यावर पोचले. पिशवीत कपाटातलं ते आठ कोअरचं खोकं होतं, वर एक फडकं घातलेलं. त्यांनी मनाशी ठरवलं होतं की गुपचूप बदलायचा, आजचा तास नीट करून द्यायचा आणि विषय मिटवायचा.

"तुम्ही दुकान बंद ठेवून आलात?" साळू दारातच म्हणाली. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"जरा साफसफाई करून देतो मशीनची."

साळूची खोली म्हणजे आरसा. आवाज घुमू नये म्हणून भिंतीला तिनं जाडं पांघरूण टांगलं होतं, त्याच्या चारही कोपऱ्यांना सारख्या मापाचे चिमटे. टेबलावर झाकण ठेवलेला पाण्याचा पेला, शेजारी वीस गाड्यांचे रंग आणि नंबर ठळक अक्षरांत लिहिलेला कागद. ती चहा ठेवायला गेली तसे डॉक्टर गुडघ्यांवर बसले. कॅबिनेट उघडलं, पंखा सोडवला, जुना प्रोसेसर काढून शर्टाच्या खिशात टाकला आणि नवा बसवला. हात सराईत होते, पण पेस्टचा ठिपका मोहरीपेक्षा मोठा पडला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपले हात चोराचे वाटले.

मग त्यांनी तिन्ही कामं एकदम लावली. आधी दुकानात जे करायला हवं होतं ते आज केलं. पडद्याच्या खालच्या कडेला आकडा यायचा, किती चित्रं गळली त्याचा. शून्यावर होता, शून्यावरच राहिला.

साळू चहा घेऊन आली आणि फोनवर स्वतःचीच शर्यत बघत उभी राहिली. निळी गाडी वळणावरून अशी गेली, जशी जायला हवी. साळूनं कप ठेवला.

"काय केलंत हो?"

"धूळ होती."

"धूळ? पंधरा दिवसांत?"

"बसते."

साळूनं खोलीभर नजर फिरवली. दिवसातून दोनदा पुसून घेतलेली ती फरशी, तो खिडकीचा कठडा. तिचा चेहरा उतरला. "खिडकी उघडी असते ना माझी सकाळची. माझंच चुकलं बघा. आणि मी त्या लाइनवाल्याला नको नको ते बोलले."

डॉक्टरांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"तरी बरं," साळू म्हणाली, "मी कालच संस्थेला पत्र लिहिलंय, अजून पाठवलं नाही. माझ्या अननुभवामुळे आणि निष्काळजीपणामुळे पहिल्या दोन दिवसांचं चित्र खराब गेलं, क्षमा असावी, असं. आता त्यात धुळीचंही घालते. म्हणजे त्यांना खरं कारण कळेल."

ती खुर्ची ओढून बसली आणि खरोखरच टाइप करायला लागली. 'यंत्राची स्वच्छता न राखल्यामुळे' एवढं लिहून झालं होतं. डॉक्टरांनी खिशात हात घातला आणि तो चौकोनी तुकडा काढून कीबोर्डशेजारी ठेवला.

"हे काय?"

"हा तुझ्या मशीनमधला. चार कोअरचा. आता आत आठचा आहे. धूळ नव्हती, साळू. नेटही नव्हतं. तू वहीत लिहून आणलं होतंस तेच बरोबर होतं."

साळूनं तो तुकडा उचलला नाही.

"कधी कळलं?"

"सोमवारी. सहाव्या मिनिटाला."

"सोमवारी." तिनं बोटांवर मोजल्यासारखं केलं. "म्हणजे बुधवार माझा वाचला असता."

"हो."

"मला एवढंच सांगा. त्या दिवशी दुकानात तुम्हाला ठाऊक होतं की नव्हतं?"

"नव्हतं. हे काम मी कधी केलेलं नाही."

"मग म्हणायचं होतं ना तसं. मी काय हसले असते तुम्हाला?"

"तू नसती हसलीस," डॉक्टर खाली बघत म्हणाले. "ती दोघं हसली असती."

"मला हसली, ते चाललं तुम्हाला."

ती हे ओरडून म्हणाली नाही. बसस्थानकावर गाडी रद्द झाल्याचं सांगावं तसं, सरळ आणि स्पष्ट. चौपन्न वर्षांचा माणूस, चड्डीतल्या पोराला शोभावी तशी डॉक्टरांची मान खाली गेली.

साळूनं पत्रातला सगळा मजकूर पुसला, खुर्चीवरून उठली आणि कीबोर्ड त्यांच्याकडे वळवला.

"लिहा."

"काय लिहू?"

"माझा निष्काळजीपणा मी लिहिला होता. तुमचा तुम्ही लिहा."

डॉक्टरांनी दोन बोटांनी लिहिलं. या उमेदवाराचं मशीन मी निवडलं आणि जुळवलं. त्यांनी योग्य प्रोसेसर सांगितला होता, मी ऐकलं नाही. दोष लक्षात आल्यावरही मी चार दिवस सांगितलं नाही. पहिल्या दोन तासांच्या खराब चित्राला त्या जबाबदार नाहीत. खाली दुकानाचं नाव आणि स्वतःचं पूर्ण नाव. पाच ओळींना वीस मिनिटं लागली. साळूनं त्यातली एकही चूक सुधारली नाही. तसंच पाठवलं.

"लाइनवाल्याला तुम्ही स्वतः सांगायचं," ती म्हणाली. "आता जा. मला चारपर्यंत कुणाशी बोलायचं नाहीये. आवाज जपायचाय."

चहा तसाच राहिला.

चारचा तास त्यांनी पूर्ण पाहिला. साळू सुरुवातीला जरा बसक्या आवाजात बोलली, मग तिसऱ्या वळणावर तिचा सूर लागला आणि पुढं तिनं मागं पाहिलं नाही. चित्र एकदाही अडलं नाही. रेडिओवर या म्हणणारा तो माणूस यावेळी काहीच लिहीत नव्हता. डॉक्टरांना अभिमान वाटायला हवा होता, पण तो वाटून घ्यायचा हक्क आपला नाही, असंही वाटत होतं.

लाइनवाला शनिवारी चहाला आला तेव्हा त्यांनी सांगितलं. तो आधी हसला. "म्हणजे मी दोनदा उगाच खांबावर?" मग हसणं थांबवून त्यानं दुकानातली जुळवून ठेवलेली मशीनं एकेक करून पाहिली आणि चहा जरा लवकरच संपवला.

निकाल पुढच्या मंगळवारी आला. साळूनं तो एका शब्दाचीही भर न घालता डॉक्टरांना पाठवला. संस्थेनं लिहिलं होतं की आवाज आणि वर्णन पाचांत सर्वोत्तम होतं. मात्र तिन्ही तासांना सारखे गुण असल्यानं आणि पहिले दोन तास नीट पाहताच न आल्यानं तिची निवड करता येत नाही. जुळणी करणाऱ्यांचं पत्र मिळालं, त्यांच्या प्रामाणिकपणाची नोंद घेतली आहे, पण नियम सर्वांना सारखा आहे. पुढच्या वर्षी अवश्य पुन्हा यावं.

डॉक्टरांनी ते बायकोला वाचून दाखवलं. प्रामाणिकपणाची नोंद घेतली आहे, या ओळीवरून ते भराभर पुढं गेले.

"तिला फोन करा," बायको म्हणाली.

"काय बोलू?"

"ते मला काय विचारता? मशीन मी निवडलं नव्हतं."

त्यांनी केला. साळूनं दुसऱ्या घंटेला उचलला.

"बोला भाऊजी."

"साळू, मी..."

"वाचलंत ना? झालं मग. मशीन चांगलं चालतंय. शुक्रवारनंतर माणसं वाढलीयत माझ्याकडे. मी रोज चारला खेळणारच आहे." जरा थांबून म्हणाली, "या रविवारी ताईकडे नाही येत मी. तिला सांगा. येईन नंतर कधीतरी."

त्या आठवड्यात एक निवृत्त मास्तर कीबोर्ड दुरुस्तीला घेऊन आठ पायऱ्या उतरले. दुकानात आणखी दोघं स्टुलांवर बसली होती. चार वाजून गेले होते आणि डॉक्टरांनी मोठ्या पडद्यावर साळूचा तास लावलेला होता. मास्तर कीबोर्ड काखेत धरून ऐकतच राहिले.

"कोण हो ही? काय बोलते."

"माझी मेहुणी."

"हिला कुणीतरी मोठ्या कामावर घ्यायला हवं."

"घेणार होते," डॉक्टर म्हणाले.

"मग?"

"मशीन चुकीचं मिळालं तिला. निवडीच्या वेळी चित्र अडकलं."

"अरेरे. कुठल्या गाढवानं दिलं?"

स्टुलांवरची दोघं हसली. डॉक्टरांनी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"मी दिलं," ते म्हणाले. "तिला कुठला प्रोसेसर हवा ते तिला कळत होतं, मला नव्हतं. आणि मी ते कबूल केलं नाही."

हसणं जिथल्या तिथं थांबलं. पडद्यावर वीस गाड्या वळण घेत होत्या. मास्तर ओशाळले, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. कीबोर्ड गल्ल्यावर ठेवताना त्यांचा हात जरा रेंगाळला. "ठेवून जाऊ ना?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही ठरवा."

मास्तरांनी ठेवला, पण पावती मागितली. इतक्या वर्षांत डॉक्टरांकडे पावती कुणी मागितली नव्हती. पावतीपुस्तक कुठं आहे ते शोधायलाच त्यांना बराच वेळ लागला, आणि तोवर तिघंही त्यांच्या पाठीकडे बघत होती.